एमजीबी जीटीमध्ये व्ही८: ब्रेक आणि चाकांच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी

इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, गाडी स्वतःच्या ताकदीवर गॅरेजच्या बाहेर आली आणि परत आत गेली. आता पुढचं काम ब्रेकचं. ते होईपर्यंत गाडी रस्त्यावर न्यायची नाही हे आधीच ठरवून टाकलंय.

पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळावं म्हणून गाडीची माहिती एकदा लिहून ठेवतो. १९७२ची एमजीबी जीटी, म्हणजे ब्रिटिश कंपनी एमजीची छोटी स्पोर्ट्स कार. मूळचं इंजिन १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज, साधारण ९५ हॉर्सपॉवरवालं. त्याच्या जागी रोव्हर एसडी१ या गाडीमधलं ३५२८ सीसीचं व्ही८ (व्ही आकारात आठ सिलिंडर) टाकलंय, ते १५५च्या आसपास देतं, आणि मागे त्याचाच पाच गिअरचा एलटी७७ गिअरबॉक्स. लोकांना वाटतं व्ही८ म्हणजे गाडीचं नाक जड होणार, पण हे इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे आणि जुनं चार सिलिंडरवालं बिडाचं, त्यामुळे वजनात म्हणावा असा फरक पडतच नाही. हे काय मी नवीन शोधलेलं नाही, केन कॉस्टेलोने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा गाड्या बनवून विकल्या होत्या, आणि मग १९७३ मध्ये एमजीने स्वतःची जीटी व्ही८ काढली. १९७६ पर्यंत त्यांनी २,५९१ बनवल्या, त्यात १३७ हॉर्सपॉवर होती.

आत्ता गाडीवर काय आहे: पुढे २७३ मिमीच्या सॉलिड डिस्क, प्रत्येकी दोन पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागे १० इंची ड्रम, एकच सर्किट असलेला मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर फ्लुइडला देणारा) आणि चारही बाजूंना १४ इंची वायर व्हील्स. सगळं ९५ हॉर्सपॉवरच्या हिशोबाचं.

१८ जानेवारी

आज पाना हातात घेतलाच नाही, नुसती वही आणि कॅल्क्युलेटर. कारण ब्रेक अपग्रेड म्हणजे बाजारात मिळेल तो सगळ्यात मोठा कॅलिपर आणून लटकवायचा असं मला अजिबात करायचं नाहीये, आधी नक्की कमी काय पडतंय ते कळायला पाहिजे.

गाडी १,१०० किलो धरली. १०० किमीच्या वेगाला तिच्यात साधारण ४२४ किलोज्यूल ऊर्जा असते. १४० ला तीच ८३२, म्हणजे जवळपास दुप्पट, वेग मात्र ४० टक्केच वाढलाय. आणि जुन्या इंजिनाला १४० गाठायला लांबलचक सरळ रस्ता लागायचा, हे इंजिन दोन वळणांच्या मध्ये सहज तिथे जाईल, मग ब्रेक मारायचा, मग परत जाईल. खरा फरक इथे आहे.

आता ही ऊर्जा जाते कुठे, तर डिस्कमध्ये. त्यातली ७० टक्के पुढे जाते असं धरलं तर १४० वरून थांबताना एकेका पुढच्या डिस्कच्या वाट्याला २९० किलोज्यूल येतात. जुन्या डिस्कची जी रिंग पॅडखाली येते तिचं वजन मोजमापांवरून काढलं, २.४ किलोच्या आसपास आलं, जाडी नऊ मिमीला जरा कमीच आहे. म्हणजे एका थांबण्यात डिस्क अंदाजे २५० अंशांनी तापणार. एकदा ठीक आहे. पण थंड व्हायला वेळ न देता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारला की पॅड सोडून देतो आणि फ्लुइडसुद्धा उकळायच्या दिशेने जातो.

तीच रिंग वेंटिलेटेड आणि २० मिमी जाड असली तर वजन ३.८ किलोच्या घरात जातं, आणि तेवढ्याच ऊर्जेला ती १६० अंशच तापते. शिवाय मधून हवा खेळते त्यामुळे लवकर थंड होते. पातळ तवा आणि जाड तवा, तोच फरक.

थोडक्यात, थांबवायची ताकद जुन्या ब्रेकमध्येही आहे, जोरात दाबला तर ते आजही चाकं लॉक करतात, आणि एकदा चाक लॉक होतंय म्हटल्यावर पुढची मर्यादा टायरची. कमी पडतेय ती उष्णता झेलायची क्षमता. म्हणून मला जास्त जोराचा ब्रेक नकोय, पुन्हा पुन्हा तसाच लागणारा ब्रेक हवाय. या एका वाक्यावर पुढचं सगळं सामान निवडणार आहे.

२६ जानेवारी

चाकं उतरवली. वायर व्हील्स दिसायला देखणी आहेत यात वादच नाही, पण व्ही८ला ती ठेवायची नाहीत हा निर्णय आज पक्का झाला. सगळा टॉर्क हबवरच्या बारीक स्प्लाइन्समधून चाकात जातो, आणि माझ्या मागच्या हबांच्या स्प्लाइन्सवर बोट फिरवलं तर दातांचा माथा सपाट राहिलेला नाही, एका अंगाला धार आलीय. चाक परत चढवून ब्रेक दाबून धरला आणि चाक हाताने पुढेमागे हलवलं तर बारीक टक टक ऐकू येते. ९५ हॉर्सपॉवरमध्येच इतकं झिजलंय. त्यात आत ट्यूब लागते, स्पोक सैल झाले की ट्रुइंग करा (चाक सरळ फिरेल असे स्पोक ओढून घ्या), आणि कारखान्यानेही स्वतःच्या जीटी व्ही८ला वायर व्हील दिलं नव्हतं, डनलॉपचं स्टीलच्या रिमचं आणि अलॉय मध्याचं १४ इंची चाक दिलं होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते. वायर व्हीलवाल्या गाडीचा मागचा ॲक्सल बोल्ट-ऑनवाल्यापेक्षा अरुंद असतो, कारण वायर व्हीलचं हब स्वतःच बाहेर येतं. त्यामुळे नुसते हब बदलून अलॉय चढवले तर मागचं चाक खूप आत जातं, मग लोक स्पेसर घालतात. मला स्पेसर नको. बोल्ट-ऑन गाडीचा अख्खा ॲक्सल शोधतोय, तोही शक्यतो ३.०७ रेशोचा (चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ३.०७ फेऱ्या).

२ फेब्रुवारी

चाकाचा साइज ठरला, १५ × ६जे, म्हणजे १५ इंच व्यास आणि ६ इंच रुंद रिम. हे आधी ठरवायचं कारण साधं आहे, कॅलिपर चाकाच्या आत बसायचाय, चाक कॅलिपरच्या आत नाही. १४ इंचीत जाड डिस्क आणि फोर-पॉट (चार पिस्टनचा) कॅलिपर बसवायचा म्हणजे फार कसरत होते आणि टायरमध्येही चांगली निवड उरलेली नाही. १६ किंवा १७ केलं तर चाक जड होतं, टायरची भिंत पातळ होते आणि या गाडीला ते शोभतही नाही.

टायरचा हिशोब: जुन्या १६५ आर१४चा व्यास ६२० मिमीच्या पुढेमागे. १९५/६० आर१५ घेतला तर ३८१ अधिक दोनदा ११७, म्हणजे ६१५. १८५/६५ आर१५ घेतला तर ६२१ ते ६२२. दोन्ही चालतात. मी १९५/६० घेतोय कारण मागच्या कमानीत उंची जरा कमी असलेली बरी आणि रुंदीही बेताची आहे. २०५ला हात लावला नाही. १९९३ मध्ये आलेल्या एमजी आरव्ही८ला २०५/६५ आर१५ होते, पण त्या गाडीच्या कमानी मुद्दाम फुगवलेल्या होत्या, माझ्या गाडीच्या तशा नाहीत आणि मला बॉडी कापायची नाहीये.

आरव्ही८चं नाव आलंच आहे तर अजून एक. त्या गाडीला ३.९ लिटरचं १९० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, पुढे वेंटिलेटेड डिस्क आणि फोर-पॉट कॅलिपर होते, आणि मागे ड्रमच होते. माझ्याकडे त्यापेक्षा ३५ हॉर्सपॉवर कमी आहे. त्यामुळे मागे डिस्क टाकायचा विचार मी कायमचा सोडून दिलाय. ड्रमचा हँडब्रेक चांगला लागतो, मागे उष्णता फारशी जात नाही, आणि मागचं काही बदललं नाही तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा बॅलन्सही हातात राहतो.

९ फेब्रुवारी

आता कॅलिपर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या कॅलिपरचा पिस्टन व्हर्निअरने मोजला, ५४ मिमी. एका बाजूचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिमी. फोर-पॉटमध्ये एका बाजूला दोन पिस्टन असतात. ३८.१ मिमीचे पिस्टन असलेला घेतला तर दोघांचं मिळून २,२८०. म्हणजे तेच! ४१.३ मिमीवाला घेतला तर २,६८०, म्हणजे १७ टक्के जास्त.

बरेच जण मोठा पिस्टन घेतात कारण मोठा म्हणजे चांगला असं वाटतं. पण मोठ्या पिस्टनला सरकायला जास्त फ्लुइड लागतो, तो मास्टर सिलिंडरमधून यायचा म्हणजे पेडल खोल जाणार, मग पेडल खोल जातं म्हणून मास्टर मोठा टाकायचा, तो टाकला की मागच्या ड्रमला मिळणारं प्रेशर बदलतं, मग तिथे व्हॉल्व्ह बसवायचा, आणि एवढं सगळं करून आपण मूळच्याच जागी येतो. क्षेत्रफळ तेच ठेवलं आणि डिस्कचा व्यासही २७३च ठेवला तर तेवढ्याच प्रेशरला ब्रेकचा टॉर्क तोच राहतो, फक्त पॅडचा घर्षणांक काय तो बदलेल. एमजीने ठरवलेला पुढचा-मागचा बॅलन्स जसाच्या तसा, वर पॅड मोठा, डिस्क जाड, कॅलिपर अलॉयचा म्हणून हलका. मला हेच पाहिजे होतं.

तर ३८.१च्या पिस्टनचे फोर-पॉट, २७३ × २० वेंटिलेटेड डिस्क, आणि पॅड फास्ट-रोड प्रकारचा. ट्रॅकचा पॅड नको, तो थंड असताना पकडतच नाही आणि रस्त्यावर पहिला ब्रेक नेहमी थंडच असतो.

१६ फेब्रुवारी

ॲक्सल मिळाला. बोल्ट-ऑन, ट्यूब टाइप, आणि आत ३.०७चाच क्राउन व्हील आहे. मूळचा ३.९चा होता, त्यात चौथ्या गिअरला हजार आरपीएमला २९ किमी पडायचे, आता ३६-३७ पडतील, व्ही८ला हेच मानवतं. उघडून धुतला, तेलाची सीलं नवीन टाकली, यू-बोल्ट नवीन, लीफ स्प्रिंगचे रबर पॅड नवीन.

ड्रम आतून मोजले, गोल आहेत, कडा आलेली नाही. व्हील सिलिंडर मूळच्याच मापाचे नवीन टाकले, शू (ड्रमला आतून घासणारे) नवीन. बॅकप्लेटवरचा चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर दोन्हीकडे जाम झाला होता, तो खोलून साफ करून कॉपर ग्रीस लावून परत बसवला. हा ॲडजस्टर नीट फिरत नसेल तर पेडल कधीच वर येत नाही, मग पुढे कितीही भारी सामान लावा.

२३ फेब्रुवारी

डिस्क आणि कॅलिपरचं खोकं आलं. कॅलिपर ब्रॅकेट स्टब ॲक्सलवर (पुढचं हब ज्यावर फिरतं तो भाग) बसतो का ते आधी रिकामाच लावून पाहिलं, बसतो, दोन्ही बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातात. पण सोबत आलेले पाइपचे नट मापाचे नाहीत, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

पुढचं हब उघडलं की एमजीबीत बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर नळी आणि पातळ शिम (चकत्या) निघतात. हे शिम ०.००३, ०.००५ आणि ०.०१० इंचाचे असतात, आणि कितीतरी गाड्यांमध्ये आधीच्या माणसाने ते काढून फेकून दिलेले असतात, की नट हाताच्या अंदाजाने आवळला की झालं. तसं करू नये. ती नळी आणि शिम नटाच्या जोराने घट्ट दाबले जातात, त्यामुळे स्टब ॲक्सल ताठ राहतो आणि वळणात वाकत नाही. टायर रुंद झाल्यावर तर ते जास्तच महत्त्वाचं.

उजव्या बाजूला नवीन बेअरिंग टाकून मुद्दाम जास्त शिम घातले, नट टॉर्कला आवळला, डायल गेज स्टब ॲक्सलच्या टोकाला लावला आणि हब आतबाहेर ओढून पाहिलं. काटा ०.०११ इंच हलला. पाहिजे ०.००२ ते ०.००४. मग ०.००५चा एक आणि ०.००३चा एक शिम काढला, परत आवळलं, परत ओढलं, काटा ०.००३ वर. हब दोन बोटांनी फिरवला तर एकसारखा, तेलकट फिरतो आणि खेळ हाताला जाणवतसुद्धा नाही. डावीकडे शिमचा संच वेगळा निघाला, तो तसाच असतो, एका बाजूचा हिशोब दुसरीकडे चालत नाही.

मग डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डगडगते ते. उजवी ०.०४ मिमी, छान. डावी ०.०९. तिला हबवरून काढून एक भोक पुढे फिरवून लावली तर ०.०५ वर आली, तिथेच ठेवली. हा फरक बारीक वाटतो पण डिस्क डगडगत असली की ती पॅडला मागे ढकलते, पिस्टन आत जातात, आणि पुढच्या वेळी पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं. मग माणूस हवा काढत बसतो, आणि हवा नसतेच.

२ मार्च

मास्टर सिलिंडर. जुना एका सर्किटचा होता, म्हणजे कुठेही एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. व्ही८ टाकून हे तसंच ठेवणं माझ्या मनाला पटणारच नव्हतं. नंतरच्या एमजीबीचा सर्वोसकट (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) टँडम, म्हणजे दोन सर्किटच्या, मास्टरवाला पेडल बॉक्स टाकलाय, पुढचं एक सर्किट आणि मागचं एक. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ मूळचंच आहे त्यामुळे हा मास्टर आहे तसा चालतो, वेगळा बोअर शोधावा लागला नाही.

जागा अतिशय कमी आहे. गाडी उजव्या स्टिअरिंगची, त्यामुळे सर्वो उजव्या बँकेच्या रॉकर कव्हरच्या डोक्यावर येतो आणि खालून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भाजतो. इंजिन टॉर्क देताना माउंटवर हलतं, म्हणून सर्वो आणि रॉकर कव्हरमध्ये नुसती दिसायला फट असून चालत नाही. इंजिन पहारीने दोन्हीकडे दाबून पाहिलं, सगळ्यात वाईट स्थितीत १२ मिमी राहतात. मॅनिफोल्ड आणि मास्टरच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून हीट शील्ड बनवलं, मॅनिफोल्डच्या बाजूला हवेची फट ठेवून. ब्रेकचे पाइप फायरवॉलवरून उंचावरून नेले, मॅनिफोल्डजवळून एकही नाही.

व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डवरून, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह.

९ मार्च

पाइप. ३/१६ इंची कॉपर-निकेल, सगळे नवीन. तांब्याचा शुद्ध पाइप वाकायला सोपा असतो पण थरथरीने कडक होऊन तडकतो, कॉपर-निकेल गंजतही नाही आणि टिकतोही.

आता त्या नटांबद्दल. किटसोबत एम१० × १चे (मेट्रिक) नट आले. माझ्या गाडीवरचं बाकीचं सगळं ३/८ यूएनएफ (इंची मापाचं), इंचाला २४ थ्रेडचं. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि म्हणूनच हे फार धोक्याचं आहे. यूएनएफचा व्यास ९.५ मिमी आणि पिच १.०६, दुसऱ्याचा १० आणि १. यूएनएफचा नट एम१०च्या भोकात दोनतीन आटे सहज जातो, जरा आवळला की पकडल्यासारखंही वाटतं, पण पकड असते ती थ्रेडच्या टोकांची. जोरात ब्रेक दाबल्यावर लाइनमध्ये सत्तर-ऐंशी बार सहज होतात, तेव्हा तो नट सुटून बाहेर येऊ शकतो. प्रत्येक नट थ्रेड गेजने तपासला, यूएनएफ आणि मेट्रिक वेगळ्या डब्यांत ठेवले, आणि कॅलिपरला जाणारे होज दोन्ही टोकांना वेगवेगळे थ्रेड असलेले बनवून घेतले, म्हणजे मध्ये ॲडॅप्टरचा एक जोड कमी. पुरवठादाराला कळवलंय, त्यांनी नट बदलून दिले.

फ्लेअरचंही (पाइपच्या फुलवलेल्या टोकाचंही) तेच. बबल फ्लेअर वेगळा, डबल फ्लेअर वेगळा, आणि समोरची सीट कशी आहे ते टॉर्च मारून बघूनच पाइपचं टोक बनवायचं. चुकीचा फ्लेअर जोर लावून बसतो, गळतही नाही, आठवडाभर. प्रत्येक पाइप कापल्यावर आतली कड काढली, हवा मारून साफ केला, आणि नट आधी पाइपात घातलेत ना ते बघून मगच फ्लेअर मारला.

१६ मार्च

अलॉय आले. पीसीडी ४ × ११४.३ (चार स्टड, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर), ईटी २० (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून २० मिमी बाहेर).

टायर चढवायच्या आधी नुसतं रिम लावून पाहिलं. पुठ्ठ्याचा जो साचा कॅलिपरवरून कापून ठेवला होता तो रिमच्या आत फिरवून झाला होता, पण प्रत्यक्ष लावून बघण्याला पर्याय नाही. कॅलिपर आणि स्पोकच्या मध्ये मातीच्या क्लेचे गोळे चिकटवले, चाक नटांनी आवळून हाताने पूर्ण फिरवलं, काढलं आणि गोळे मोजले. सगळ्यात पातळ गोळा ४.५ मिमी. मी तीनच्या खाली गेलो नसतो, कारण बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची असतात, तीही जागा खातात.

स्टड १/२ यूएनएफ, २० थ्रेडचे. नट कमीत कमी स्टडच्या व्यासाइतका आत जायला हवा, म्हणजे पूर्ण दहा आटे. जुने स्टड पत्र्याच्या रिमच्या मानाचे होते, अलॉयची जाडी जास्त, आठच आटे येत होते. आठही मागचे आणि आठही पुढचे स्टड लांब टाकले. नट ६० अंशाच्या कोनाचे, अलॉयच्या सीटला जुळणारे.

मागची जागा मोजली तर डावीकडे टायर आणि कमानीच्या कडेत ११ मिमी, उजवीकडे १७. एमजीबीत हा फरक बहुतेकदा निघतोच, ॲक्सल आणि बॉडी कधी बरोबर मध्यावर येत नाहीत. लीफ स्प्रिंग वळणात थोडी आडवी सरकते, त्यामुळे डावीकडच्या ११ वर माझं लक्ष राहणार. डिकीत वजन टाकून आणि स्प्रिंग पूर्ण दाबून पाहिलं, घासत नाही. कमानीची आतली ओठासारखी कड सध्या तशीच ठेवलीय.

२३ मार्च

फ्लुइड भरला, डॉट ४. कोरडा असताना उकळबिंदू कमीत कमी २३०, ओलावा शोषल्यावर १५५. हा फ्लुइड हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे उघडी राहिलेली जुनी बाटली वापरायची नाही, सीलबंद आणि नवीनच. रंगावर सांडला तर रंग उचलतो म्हणून शेजारी पाण्याची बादली आणि फडका.

हवा काढायला दादा आला. तो पेडलवर, मी खाली. "दादा, दाब... धर... धरून ठेव... हां, आता सोड." मागची डावी आधी कारण ती मास्टरपासून सगळ्यात लांब, मग मागची उजवी, मग पुढची डावी, शेवटी पुढची उजवी. फोर-पॉटला आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्या भागाला वेगवेगळा निपल (हवा काढायचा स्क्रू) आहे, दोन्हीतून काढावी लागते, आणि निपल वरच्या टोकालाच आहेत ना हे बसवतानाच बघितलं होतं. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला तर निपल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही.

पाइपातून आधी बारीक फेस, मग मोठे बुडबुडे, मग बराच वेळ काही नाही, मग अचानक अजून एक मोठा. कॅलिपरवर लाकडी हातोड्याने हलके ठोके मारले की आत चिकटलेले बुडबुडे सुटतात. शेवटी पेडल वरच्या एक तृतीयांशात कडक झालं. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबून व्हॅक्यूम संपवला, पाय दाबून धरला आणि इंजिन चालू केलं, पेडल पायाखाली थोडं खाली गेलं, म्हणजे सर्वो काम करतोय. दादाने पूर्ण ताकदीने दाबून धरलं आणि मी टॉर्च घेऊन एकेक जोड कोरड्या टिश्यूने पुसत गेलो. सगळे कोरडे.

३० मार्च

गाडी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चालली. आधी चालण्याच्या वेगाने, मग २०, मग ४०. पॅड बेड करायचे (डिस्कशी जुळवून घ्यायचे) म्हणजे ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने कमी करायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गाडी पळवून थंड करायची, आणि परत. पूर्ण थांबून पाय दाबून ठेवला तर गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग ब्रेक थरथरतो. सुरुवातीला पकड गुळगुळीत होती, मग हळूहळू पेडल जिवंत व्हायला लागलं. डिस्कवर एकसारखा राखाडी थर आलाय, निळसर डाग कुठे नाही.

घरी येऊन चाकाचे नट थंड झाल्यावर परत टॉर्कला लावले, ८५ न्यूटन मीटर. मागच्या डावीकडचा एक नट जरा फिरला. नवीन अलॉयला हे होतं, म्हणून शंभर किमीच्या आत परत बघायचंच.

६ एप्रिल

बॅलन्सची टेस्ट. मोकळं, सपाट, बंद मैदान. दादा बाहेर उभा राहून चाकांकडे बघणार, मी चालवणार.

आधी हिशोब: व्हीलबेस २३११ मिमी, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरली आणि ०.८ जीने ब्रेक मारला तर एकूण वजनाच्या १७ टक्के पुढे सरकतं. गाडी उभी असताना पुढेमागे अर्धं-अर्धं असेल तर ब्रेकमध्ये ६७ - ३३ होतं. मागचं चाक इतकं हलकं होतं की ते आधी लॉक झालं तर गाडी फिरलीच. त्यामुळे पुढचं आधी लॉक झालं पाहिजे, कोरड्यातही आणि ओल्यातही. ओल्यात पकड कमी म्हणून वजनही कमी सरकतं आणि मागचा वाटा वाढतो, कोरड्यात मात्र मागचं चाक जास्त हलकं होतं, म्हणून कोरड्यातली टेस्ट जास्त महत्त्वाची.

६० वरून कोरड्यात: पुढची दोन्ही एकदम लॉक, मागची फिरत राहिली. ८० वरूनही तेच. मग पाणी मारून घेतलं आणि ५० वरून, पुढची लॉक, मागची फिरत होती. गाडी सरळ रेषेत, स्टिअरिंगवर हात हलका ठेवला तरी ओढ नाही. मागच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह बसवायची गरज नाही, आणि मला याचा मनापासून आनंद झालाय, कारण क्षेत्रफळाचा तो सगळा हिशोब याच्यासाठीच केला होता.

मग उष्णतेची टेस्ट. १०० वरून ३० पर्यंत जोरात, लगेच परत १०० पर्यंत, परत ब्रेक, मध्ये विश्रांती नाही. व्ही८ला १०० परत गाठायला वेळच लागत नाही, त्यामुळे डिस्कला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पेडल शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहिलं, पायाला जोर थोडासाच वाढवावा लागला. थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटर मारला, पुढच्या डिस्क ३१० आणि ३०५, मागचे ड्रम ११०च्या खाली. दोन्ही पुढच्या डिस्कमध्ये पाचच अंशांचा फरक आहे म्हणजे दोन्ही कॅलिपर सारखं काम करतायत. मास्टर सिलिंडरच्या बॉडीवर ५८ अंश, हीट शील्ड उपयोगी पडतंय.

डावीकडच्या मागच्या कमानीत टायरच्या कडेला एक चकचकीत रेघ उमटलीय, फार बारीक, जोरात उजवं वळण घेतल्यावर लागत असणार. कमानीची आतली कड गरम करून वर दुमडून घेणार, तेवढे पाच-सहा मिमी मिळाले की पुरे. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, आणि ५०० किमी झाले की पॅड काढून दोन्ही बाजूंची झीज मोजायची, फोर-पॉटमध्ये एकच पिस्टन आळशी असेल तर पॅड तिरका झिजतो आणि ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही.